धरणकाठचा ढावलो

"बँड दाखवा."

"बँड नाही. आर्टिस्ट आहो मी."

मी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. खांद्यावर मशीनची काळी बॅग, अंगात स्वेटर, तोही कोपरावर उसवलेला आणि पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. आर्टिस्ट म्हणे!

"मग आर्टिस्टच्या गेटनं जा."

"ते कुठं हाय?"

"आर्टिस्टले माहीत असते."

तो हसला... आणि मला रागच आला. इतक्या थंडीत, इतक्या सकाळी, कुणी इतकं मोकळं हसू नये.

दिग्रसजवळ धरणाच्या काठी पुण्याच्या मंडळींनी तूर निघालेलं एक शेत भाड्यानं घेतलं होतं. शुक्रवार ते रविवार नुसते तंबू, शेकोट्या आणि इलेक्ट्रॉनिक म्युझिक. आमच्या बंजारा तांड्यावर त्याला 'धडधड' म्हणत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि गेटवर येणाऱ्यांच्या मनगटाला कापडी बँड बांधायचं काम मला मिळालं होतं; गळ्यातल्या कार्डावर माझं नाव, खुशी.

पोस्टरवर त्याचं नाव खरंच होतं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात – अक्षय, दिग्रस.

"आण हात."

त्यानं हात पुढे केला. मनगट थंडगार होतं. मी बँड करकचून आवळला.

"आता रविवारपर्यंत निघत नाही हा."

"मी कुठं म्हटलं काढा म्हणून?"

मी पुढच्या माणसाचा हात ओढला. त्या हिवाळ्यात मला हसायचं नव्हतं, हे त्याला कुणी सांगावं?

माझी मोठी बहीण बबिता आदल्याच हिवाळ्यात गेली होती. उमरखेडच्या पलीकडच्या तांड्यावर दिली होती तिला. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली आणि उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत बाळंतपण अडलं. गाडी आली तोवर तीही राहिली नव्हती आणि बाळही. तिचे फोटो आहेत आमच्याकडे. आवाज मात्र नाही. लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चिकटवून ठेवली आहेत. बबिताचे ओठ हलताना दिसतात आणि वर भलतीच कुणीतरी गात असते.

आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. जिच्या गळ्यात ती पडेल, तिनंही सुरातच रडून उत्तर द्यायचं. नवरीला एकटीला रडू द्यायचं नाही, अशी रीत आहे. माझ्या याडीचं, आईचं, उत्तर ऐकायला दुसऱ्या तांड्यांवरच्या बाया यायच्या. बबितानंतर ती कुणाच्याच ढावलोला बसली नाही. आणि मी घरात सांगून टाकलं होतं – माझा ढावलो होणार नाही. मला कुठं पाठवायचं नाही.

तर असं सगळं होतं. आणि त्यात हा!

संध्याकाळी माझं काम संपलं की तो गेटपाशी हजर. "चाल ना, ऐकून तर पाह्य." मी जायचे... का जायचे, ते मलाच विचारू नका. शुक्रवारी बंगळुरूच्या एका मुलीनं नुसत्या श्वासांच्या आवाजांवर ठेका बांधला. ऐकताना माझाही श्वास तिच्यासारखाच चालायला लागला. शनिवारी गोव्याची जोडी आली. त्यांच्या धडधडीनं चहावाल्याच्या टपरीतले पेले ट्रेमधून चालत निघाले आणि पलीकडच्या काठावरची कुत्री पुढचा अर्धा तास भुंकत होती.

"सांग, पसंत काय आलं?" अक्षयनं विचारलं.

"कुत्रे."

"खरं सांग ना व."

"आज सकाळचा दाढीवाला." खरंच सांगितलं मी. धरणावर धुकं होतं. त्यानं तित्तरांचा आवाज लावला होता, त्याखाली अगदी हळू ठोका. आणि मध्येच सगळं थांबवलं. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज तेवढा उरला. माणसं चहाचे कप तसेच धरून उभी राहिली. "तो जिथं थांबला ना, ते सगळ्यात भारी."

अक्षय पोट धरून हसायला लागला. "अवं, तो कुठं थांबला! त्याचं केबल निघालतं!"

मीही हसले. वर्षभरानंतर. आणि हसता हसता एकदम घाबरले, कारण तो माझ्याकडे बघत होता – नुसता बघत होता.

"तू तांड्यावरची ना? गोरबोली येते तुले?"

"म्हणजे काय! घरी तेच बोलतो आम्ही."

"मग उद्या पुढं उभी राह्यजो. तुह्यासाठी एक सरप्राइज हाय. त्याच ट्रॅकवर मले गोव्याच्या कार्यक्रमाले बोलावून राह्यले हे पुण्याचे लोक."

त्या रात्री मला बबिता आठवली नाही. इतकी मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी त्याचीही शिक्षा मिळाली म्हणायची.

रविवारी सूर्य पाण्याला टेकला तेव्हा अक्षय स्टेजवर चढला. त्यानं मला गर्दीत शोधलं आणि हात हलवला, मनगटावरचा बँड दाखवत. ठेका सुरू झाला. गोड होता, पाय आपोआप हलावेत असा. आणि मग स्पीकरमधून एक बाई रडायला लागली.

"याडी येऽऽ... याडी येऽऽ..."

बबिता.

तेवढाच तुकडा, परत परत. तिचा सूर वर चढायचा, फुटायच्या बेताला यायचा की कापलेला, आणि त्यावर धाडकन ठोका पडायचा. प्रत्येक ठोक्याला माणसं हात वर करून उड्या मारत होती. माझ्या शेजारची एक मुलगी डोळे मिटून म्हणाली, "किती सुंदर आवाज आहे ना?"

मी पुढे कशी गेले ते आठवत नाही. उंच काळा स्पीकर होता, माझ्याहून वीतभर उंच. मी त्याच्या गळ्यात पडले. त्याला गळा नव्हता, पण मी पडले. बबिता एकटी रडत होती हो! माझ्या तोंडून सूर निघाला. मला येत नव्हता ढावलो, मी कधी शिकले नव्हते, तरी निघाला. "बाई येऽऽ" म्हणून मी तिला उत्तर देत राहिले आणि ठोका माझ्या छातीवर बसत राहिला.

अक्षयनं पाहिलं. आधी त्याला वाटलं मी नाचते आहे. मग त्याला कळलं. त्यानं ठेका काढला. बबिताचा आवाज तेवढा राहिला, न कापलेला, शेवटपर्यंत. गर्दी हळूहळू थांबली. मोबाइल मात्र वरच होते.

कार्यक्रमवाला धावत आला. "अरे, काय क्षण होता हा! ही मुलगी गोव्यालाही येईल का?"

"नाही," अक्षय म्हणाला. "आणि ट्रॅकबी येणार नाही. अन् मीबी."

आम्ही पाण्याकाठी बसलो. दात वाजत होते, थंडीनं की कशानं, कोण जाणे. लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या दुकानात बसून तो आवाजाचं काम करायचा, त्यानं सांगितलं; बबिताच्या लग्नातला मूळ आवाज तिथंच त्याच्या हाती लागला होता. ढावलो म्हणजे नवरीचं गाणं, एवढंच त्याला कुणी सांगितलं होतं.

"मले गाणंच वाटलं व, खुशी. आईची आण. ती आता कुठं असते?"

मी सांगितलं. त्यानं मशीनची बॅग पुढ्यात ओढली.

"पुसून टाकतो मी ते. आत्ताच."

"खबरदार!" मी ओरडले. "एकदा गेली तेवढं बस झालं. याडीले ऐकव तिले. तूच ये. मले जमणार नाही."

सोमवारी सकाळी तो तांड्यावर आला. निम्मी घरं कुलपात, माणसं ऊसतोडीला गेलेली. त्यानं छोटा स्पीकर ओट्यावर ठेवला, याडीच्या पाया पडला आणि बटण दाबलं.

याडी भिंतीसारखी बसून राहिली. मग तिनं स्पीकर उचलला, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला आणि उत्तर दिलं. वर्षानंतर तिचा सूर तांड्यावर घुमला. शेजारच्या घरात बाया असत्या तर धावत आल्या असत्या. लग्नात याडीनं बबिताला 'जा बाई, सुखानं राह्य' म्हटलं होतं. आज ती एकच ओळ म्हणत राहिली. जाऊ नको. जाऊ नको.

आवाज संपला तेव्हा तिनं स्पीकर खाली ठेवला आणि अक्षयला चहा दिला. त्याला शिव्या दिल्या नाहीत. माफही केलं नाही. नुसता चहा दिला.

मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले. दिग्रसची एसटी दिसत नव्हती. त्याच्या मनगटावर माझा बँड अजून तसाच होता, मळलेला.

"गोवा गेलं तुहं," मी म्हणाले.

"जाऊ दे."

"एक सांगू? माह्या ढावलोले मशीन आणू नको."

"मी कायले येईन तिथं? तोंड दाखवाची जागा ठेवली का मी..."

"नवरदेवाले यावंच लागते."

बोलले आणि माझे कान तापले. तो हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही.

"याडी पाठवन तुले?"

"नाही पाठवणार. तिनं आज सांगतलं ना, ऐकलं नाही का तू?"

"मग नेत नाही मी तुले कुठं," तो म्हणाला. "दिग्रस तर हाय. रोज संध्याकाळी येजो तिच्यापाशी. मी आणून सोडीन."

जात, तांडा, त्याचं घर... सगळं पुढं उभं होतं आणि त्यातलं काहीच सोपं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. मी तिथं फाट्यावर उभी राहून रडले. सुरात नाही, साधंच, नाक ओढत. एसटी आली, थांबली आणि निघून गेली.

तो चढला नाही. त्यानं मला एकटीला रडू दिलं नाही.