बोटीत उगवलेलं धान

"यंदा पावसाळा लागू द्या! फुलवंता शाळेत कशी जाईल? बोटीतून, भुर्रर्र!" चैतराम मामांनी जीपमध्येच उभं राहून दाखवायचा प्रयत्न केला आणि टपावर डोकं आपटून घेतलं.

हिमांशु आणि डिंपल ही भावंडं सुट्टीत मामाकडे आली, तेव्हापासून हेच ऐकत होती. मामाच्या गावचा तलाव भलामोठा. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहायची फुलवंता, त्यांची जिवाभावाची मैत्रीण. आज तीही जीपमध्ये होती. पावसाळ्यात टोल्याची वाट पाण्याखाली गेली की तिथल्या पोरांची शाळा बंद! म्हणून गावाने वर्गणी काढून जुनी मोटरबोट घ्यायचं ठरवलं होतं. पारखायचं काम मामांकडे. आणि मामा? न बघताच बोटीच्या प्रेमात!

जवळच्या गोरेगावला उदारामशेठच्या राइस मिलच्या गोदामात बोट विटांवर ठेवली होती. निळाशार ताजा रंग! मागच्या फळीला इंजिन लटकवलेलं. शेठने इंजिनाचं टोक पाण्याच्या ड्रममध्ये सोडलं आणि दोरी ओढली. घर्रर्र! मग इंजिन बंद करून त्यांनी ड्रम बाजूला सरकवला.

"एकदम टकाटक!" शेठ म्हणाले. "किती वर्षं पडून आहे, पण पानी की एक बूंद नहीं लगी! अहो, आम्ही तिची ढोली, धान्याची कोठीच, केली होती. बियाण्याचं धान भरायचो हिच्यात!"

"वा! मग घेऊनच टाकतो!" मामांचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात बोटीत शिरलेली फुलवंता दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, इकडं या! हे पाहा!"

तिने तळाची एक सुटी फळी उचलली होती. खाली अंधारात पांढरट-पिवळे कोंब दाटीने उभे होते.

"धान!" हिमांशु खो खो हसत सुटला. "बोटीत शेती! आता रोवणी करू या!"

"हसून काऊन राहिला, येड्या?" फुलवंताने त्याला कोपर मारलं. "पाण्याबिगर धान उगवते का?"

हिमांशुचं हसू थांबलं. त्याने वर बघितलं. बोटीच्या बरोबर वरच्या पत्र्याला भोक होतं! म्हणजे दर पावसात, अगदी परवाच्या अवकाळीतही, पाणी आत पडत होतं आणि तळाशी साचत होतं.

डिंपल नाणं घेऊन इंजिनाच्या फळीवर ठोकत निघाली. कडेला टक, टक. मधोमध मात्र थप, थप. "आतून कुजलीय गं! भर तलावात इंजिन फळीसकट निखळलं तर?"

फुलवंताचा चेहरा उतरला. त्या बोटीत तिच्यासोबत तिचा लहान भाऊही बसणार होता.

"मामाजी, पैसे देऊ नका! फळी कुजली आहे!" हिमांशु ओरडला.

"पोट्टेहो, मधात बोलू नका!" मामा खेकसले. शेठ हसले. "लाकूड सागवानी आहे, बेटा!"

मग डिंपलने फळीखालचा कोंड्याचा ढीग बघून घेतला आणि ती गोड आवाजात म्हणाली, "शेठजी, एक फोटो काढू? तुम्ही ऐटीत इंजिनावर बसा ना!"

फोटो म्हटल्यावर शेठ कसले थांबतात! मिशीवर हात फिरवून ते बसले.

"थोडं मागे रेला... अजून..."

कडाड्! फळी मधोमध फाटली. काळं पाणी भळाभळा गळलं आणि इंजिनासकट शेठ खालच्या कोंड्याच्या ढिगात! नशीब, कोंडा मऊ होता.

मामांनी खिशातला हात बाहेर काढला. "इच्यात... इच्यात मी पोरं बसवून राहिलो होतो!" त्यांनी फुलवंताला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

शेठने कोंडा झटकत कान पकडले. "चूक झाली, चैतरामभाऊ. धान ओलं लागायचं, तर उंदरांनी पाण्याचा डबा सांडला असेल म्हणायचो. वर कधी बघितलंच नाही. नवी फळी बसवून देतो. आणि पाण्यात पहिला मीच बसतो!"

शेठने शब्द पाळला. सुट्टी संपायच्या आत बोट तलावात उतरली. शेठने दोन फेऱ्या मारल्या, मामांनी तिसरी. मग हिमांशु, डिंपल आणि फुलवंताने तळाची एकेक फळी उचलून बघितली, सगळीकडे नाणं ठोकलं आणि "हो" म्हटलं, तेव्हाच पोरं बसली.

"आमच्यापेक्षा पोट्टे हुशार!" मामा अख्ख्या गावाला सांगत होते.

पलीकडच्या काठावर फुलवंताची आई उभी होती. बोट लागताच तिने आधी लेकीला उतरवलं, मग धाकट्याला. मग डिंपल आणि हिमांशुला दोन्ही हातांनी कवटाळून ती म्हणाली, "माझे दोनही लेकरं तुम्ही वाचवले रे बाबा!"

डिंपलने फळीवर ठोकायचं नाणं फुलवंताच्या मुठीत ठेवलं, "बसण्याआधी रोज ठोकून बघायचं हं!"