माफीनंतरचं वाक्य

आशियाई दुकानात दहा किलो तांदळाची एकच पिशवी उरली होती. एका टोकाला माझा हात पडला, दुसऱ्या टोकाला त्याचा. बाहेर लुडविग्सहाफेनचा नोव्हेंबर रिमझिमत होता आणि त्याच्या पापण्यांवर अजून थेंब होते… असल्या गोष्टी माझ्या लक्षात येत नाहीत, पण त्या दिवशी आल्या.

"माफ करा," तो जर्मनमधून म्हणाला. "तुम्ही आधी आलात. माझ्याहून चांगलं बोलणारे या दुकानात पुष्कळ असतील, तरी—"

"तांदूळ हवाय का?"

तो हसला. "अर्धा चालेल."

मी ऊर्मिला, मूळची सांगलीची, इथल्या एका केमिकल कंपनीत संशोधक. आडवळणानं बोलणं मला जमत नाही. आणि हा रिवु, मादागास्करचा, वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारा. 'मीठ दे' म्हणण्याआधीसुद्धा प्रस्तावना करायचा! तांदूळ आम्ही माझ्या किचनमध्ये वाटून घेतला. मग दर रविवारी त्याचाही वाटा तिथेच शिजायला लागला.

"तुम्ही नक्की कुठले? आफ्रिकेतले की आशियातले?" मी एकदा विचारलं.

"भाताचा विषय निघाला की आशियातले, गाईगुरांचा निघाला की आफ्रिकेतले."

त्याच्या भाषेची भावंडं म्हणे दूर बोर्निओत. ती एकच भाषा वेगवेगळ्या ढंगांत अख्ख्या बेटावर चालते, पण बोलणारे लोक अठरा प्रकारचे. वडील डोंगराळ भागातल्या मेरिना जमातीचे, प्रोटेस्टंट. आई पश्चिम किनाऱ्यावरच्या साकालावा जमातीची, कॅथलिक. एक मावशी मुसलमान घरात दिलेली.

"आणि काही वर्षांनी एकदा वडिलांकडचे सगळे जमतात, पूर्वजांना थडग्यातून बाहेर काढतात, नवं रेशीम गुंडाळतात आणि नाचतात."

"बाई गं! पाद्री काही म्हणत नाहीत?"

"आमचे तर नाचतात. हसू नकोस. आजीच्या गावात मंगळवारी शेतात कुणी पाऊल टाकत नाही."

"त्यात काय, माझी आजी शनिवारी नखं कापू द्यायची नाही."

त्यानं माझा हात उचलून नखं पाहिली… आणि हात परत द्यायला विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

एप्रिलमध्ये त्याची पीएचडी संपली. नोकरी मायदेशी, अंतानानारिव्होच्या विद्यापीठात, शनिवारी फ्रँकफर्टहून विमान. मला तो हवा होता, अगदी सरळ सांगते. पण विचारायचं त्यानं, हा माझा हट्ट. आणि तो काही विचारत नव्हता.

गुरुवारी दुपारी त्यानं मला ऱ्हाइनच्या काठावर बोलावलं. कोट घालून आला, माझ्यासमोर ताठ उभा राहिला.

"मी माफी मागतो. तुझ्या आईवडिलांची, जे इथे नाहीत. तुझ्या पूर्वजांची. मी वयानं लहान, बोलण्यात कच्चा. हे बोलायला मी योग्य माणूस नाही…"

एवढी माफी माणूस कशासाठी मागतो? नाही म्हणायला!

"कळलं मला," मी म्हणाले आणि तडक निघाले. डोळे भरून आले होते. समोर ट्राम उभी होती, तिच्यात चढले.

दार मिटता मिटता तो आत घुसला आणि दांडीला धरून धापा टाकत म्हणाला, "अगं, अजून नुसती माफीच चालली होती!"

"म्हणजे?"

"आमच्याकडे मागणी भाषण करून घालतात. कबारी म्हणतात. त्यासाठी पट्टीचा वक्ता बोलावतात, आणि तो आधी माफी मागतो… जेवढी मोठी मागणी, तेवढी लांब माफी. लुडविग्सहाफेनमध्ये वक्ता कुठून आणू? पंधरा दिवस मीच पाठ करतोय!"

आमचं जर्मनमधलं बोलणं ऐकून समोरच्या आजीबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "आल्झो, बरं मग," त्या म्हणाल्या, "पुढचं ऐकू तरी."

"पुढचं छोटंच आहे." त्यानं कोट सारखा केला. "शनिवारी मला जावं लागेल. डिसेंबरात परत येईन… आपलं घर कुठे करायचं, ते दोघांनी बसून ठरवायला. ऊर्मिला, माझ्याशी लग्न करशील?"

इतकं सरळ वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. रडता रडता मला हसू फुटलं.

"हो. आणि हे तू नोव्हेंबरातच विचारलं असतंस, तरी हो."

"पण… तुझ्या घरच्यांपुढे मागणी घालायला हवी," तो एकदम गंभीर झाला. "तशी रीत आहे."

मी तिथूनच सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"बाबा, टीव्ही बंद करा आणि नीट बसून घ्या. इथे एकजण मला मागणी घालतोय. मला तो पसंत आहे. आता तो तुमच्याशी इंग्रजीत बोलेल. सुरुवातीला खूप वेळ माफी मागेल, पण बाबा… माझ्यासारखं मध्येच उठून जाऊ नका."