न वाजवलेली तबकडी

जुन्या रेकॉर्ड उतरवून देणाऱ्या ठाण्याच्या त्या दुकानात माणसे दळणाचे डबे घेऊन गिरणीत बसावीत तशी बसली होती. कुणाच्या पिशवीत आजोबांच्या भजनाची रेकॉर्ड, कुणाच्या मांडीवर सनईची तडा गेलेली तबकडी. आत प्रकाशसुई चालू होती. जुनी पोलादी सुई रेकॉर्डच्या खाचेतून घासत जाई आणि प्रत्येक वेळी थोडी खाच खाऊन टाकी. ही नवी सुई म्हणजे उजेडाचा केसाहून बारीक झोत. खाचेला न शिवता तो तिचे चढउतार मोजी आणि यंत्र त्यांचा पुन्हा आवाज करी.

अच्युत टिपणीसांच्या मांडीवर शिसवी पेटी होती. त्यांचा नंबर आला तेव्हा तेजश्रीने, म्हणजे दुकान चालवणाऱ्या मुलीने, पेटीकडे हात नेला.

"हात धुतलेस का गं?"

"काका, सुईसुद्धा शिवत नाही, मी कशाला शिवतेय? तुम्हीच उघडा."

टिपणीसांनी उभा जन्म जॅझ हार्पच्या रेकॉर्ड जमवण्यात घालवला होता. हार्प म्हणजे माणसाहून उंच, सत्तेचाळीस तारांचे वाद्य. त्याचे सूर चढवायला-उतरवायला पायाखाली पेडल असतात. जॅझमध्ये हार्प म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये रुद्रवीणा! म्हणून तर या रेकॉर्ड दुर्मिळ. त्यांतली ही सर्वांत दुर्मिळ. वसईची ब्रिजित डाबरे विशीत मुंबईच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये हार्प वाजवायची, तेव्हाची ही नमुन्याची एकमेव तबकडी. पुढे रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. स्टुडिओ बंद पडला तेव्हा टिपणीसांनी ही मिळवली, प्लास्टिकमध्ये हवाबंद केली आणि कधीही वाजवली नाही. संग्राहकांत 'न वाजवलेली' या शब्दाला कोऱ्या रेशमी वस्त्राचा मान असतो.

ब्रिजितबाय मात्र दर वर्षी नाताळाच्या सुमारास त्यांच्या दारात यायच्या.

"भाऊ, एकदा ऐकवा. तिसऱ्या गतीला माझा पाय पेडलवरून घसरला नि सूर पार वाकडा गेला. मागे ड्रमवर इनास होता, तो खदखदून हसला. ते हसू त्या तबकडीत आहे. पुढे त्याच्याशीच लग्न केलं मी. तो गेला, त्याचा आवाज दुसरा कुठेच नाही."

"बाय, सुई फिरली की खाच झिजते. न शिवता वाचणारं यंत्र निघू दे. पहिला मान तुमचाच."

यंत्र निघाले तोवर बाय नव्वदीला आल्या.

पेटी उघडली. प्लास्टिक सुटले. काळी तुळतुळीत तबकडी उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळली होती. पापुद्रे सुटून खाली पडले होते, त्यांच्यावर पांढरी भुकटी.

"आत ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, वर लाखेसारखा लेप," तेजश्री हळू आवाजात म्हणाली. "लेपातलं तेल सुटत जातं, तो आक्रसतो. पत्रा काही आक्रसत नाही. मग असे तडे जातात."

"पण मी हवाबंद ठेवली होती!"

"हो ना. म्हणून कुणाला कळलंच नाही. एकदा वाजवून उतरवून घेतली असती, काका, तर आवाज तरी राहिला असता."

पापुद्र्यांतून यंत्राला तारांचे चार-दोन झंकार मिळाले, तेवढेच. तेजश्री म्हणाली, "पूर्ती करता येईल. तुकड्यांवरून आणि त्या काळच्या इतर रेकॉर्डवरून यंत्र मधला गेलेला आवाज अंदाजाने भरतं."

"आणि हसू?"

"कुणाचं? आवाज आहे का त्यांचा?"

"नाही."

"मग वय सांगा, गाव सांगा. करेल ते."

एका रेकॉर्डचे नकली वेष्टन ओळखून टिपणीसांनी संग्राहकांच्या भर बैठकीत ती आणणाऱ्या जुन्या मित्राला लबाड म्हटले होते. मित्र पुन्हा आला नाही. तेच टिपणीस आता खाली मान घालून म्हणाले, "पंचविशीतला. वसईचा."

रविवारी वसईला, केळीच्या बागेमागच्या बायच्या घरात त्यांनी ती पूर्ती वाजवली. ब्रिजितबायची बोटे संधिवाताने आकड्यासारखी वळली होती, तरी खुर्चीच्या हातावर ती चालू लागली. तिसरी गत आली. हसू आले. म्हातारीचा चेहरा उजळला आणि टिपणीसांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"पुन्हा लावा."

या वेळी तिने चप्पल काढली. उजवा पाय फरशीवर, जणू पेडलवर, ठेवला. तिसऱ्या गतीला पाय तेव्हासारखाच घसरला. हार्प मात्र सुरात, स्वच्छ, निर्दोष पुढे गेली. मागून कुणीतरी खदखदून हसले.

तिने पायाकडे पाहिले.

"तबकडी फुटली का, भाऊ?"

टिपणीसांनी यंत्र थांबवायला हात पुढे केला, तो तिने आपल्या वाकड्या बोटांत धरून ठेवला. हसणे चालूच होते.

"माझी चूक तर यात झालीच नाही," ती म्हणाली. "मग हा बाबा हसतोय कुणाला?"