माझ्या ठशावरचा ठसा

माझा धाकटा भाऊ देबे ओरिक्स हरणामागे एखादी रात्र बाहेर काढायचाच, म्हणून मी निवांत होतो. कलहारीत हे चालतंच. पण दुसरी रात्रही गेली, तशी त्याची बायको कोका माझ्या झोपडीपुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या जिभेनंच घालवलंय त्यांना. आता तुम्हीच आणा."

खोटं कसं म्हणू? शिकार आणणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून शिकारीलाच नावं ठेवायची, ही आमची रीत. देबेनं मोठं हरण पाडलं तेव्हा मी म्हणालो, "एवढ्याशा हाडांसाठी ओझं उचलायला बोलावलंस होय रे?" सगळे हसले, तोही हसला. पण मी थांबलोच नाही, दिवसभर तेच चालवलं. दुसऱ्या पहाटे तो एकटाच निघून गेला.

गाऊमामाला घेऊन मी माग काढत निघालो. देबेच्या डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली, वाळूत कुठंही ओळखू येते. त्याच्या ठशांवरून रात्रीच्या किड्यांच्या रेघा गेल्या होत्या, म्हणजे माग शिळा. दुपारी वारा पडला. सुगरणींच्या घरट्यांनी लगडलेल्या बाभळीवर एकही पाखरू बोलत नव्हतं, आणि उग्र वास येत होता.

बाभळीखाली देबे पडला होता. पोटरीवर सापाच्या दातांच्या खुणा. डावा पाय घोट्यापासून तरसानं नेलेला. मी लहान मुलासारखा रडलो.

त्याला तिथंच पुरलं आणि आल्या वाटेनं परत फिरलो. थोड्या वेळानं मामा थबकला.

"काशे... हे बघ."

माझ्या सकाळच्या ठशावर एक ठसा होता. डावा. करंगळी बाहेर वळलेली.

"जुना असेल, मामा..."

"तुझ्या ठशावर पडलाय. जुना कसा असेल?"

कडेची वाळू अजून आत घसरत होती. पुढं आणखी एक, मग आणखी एक. सगळे डावेच, सगळे घराकडे. कोका घरी एकटी होती. आम्ही धावत सुटलो.

ती चुलीपाशी हसत बसली होती.

"किती उशीर, भाऊजी! हे केव्हाचेच आलेत, आत पडलेत. म्हणाले, दादाला विचार, या वेळचं ओझं तरी उचलण्याजोगं होतं का?"

मी खाली पाहिलं. झोपडीच्या दारात एकच ठसा होता, आत जाणारा.