उलट्या खोलीतला सुलटा माणूस

ज्यानं कुणी ते भिंग पेटीत बंद करून ठेवलं, त्याला सगळं माहीत होतं. उगाच कुणी काचेच्या तोंडाला चार पदरी काळं फडकं बांधून वर सुतळीच्या सात गाठी मारत नाही. दोन शब्दांची चिठ्ठी तरी ठेवायची! पण नाही. जुना स्टुडिओ मोडीत निघाला, पेटी ठिणगीच्या हाती लागली, आणि तिनं त्या गाठी कात्रीनं सरळ कापून टाकल्या.

ठिणगी हे नाव तिला बाबांनी पाडलेलं. गाठ सोडवत बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. तरी ते भिंग बसवायला हातानं कॅमेरा बांधण्यात ती पाच महिने खपली होती. सागवानी चौकट, काळ्या कापडाला घड्या घालून चिकटवलेला भाता, मागच्या बाजूला हातानं घासून घासून दुधी केलेली काच. पितळी स्क्रू मात्र बाबांनी कातून दिले. जन्म लेथवर गेलेला माणूस.

"एवढ्या वेळात लोक घर बांधून भाडेकरूही ठेवतात," ते म्हणायचे.

आज मात्र वेळच उरला नव्हता. उद्या सकाळी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आई गेली तेव्हा मोबाइलमध्ये तिचे शेकडो फोटो निघाले, आणि एकही धड नाही. सगळे घाईतले, हललेले. बाबांचा एकच, पण खरा फोटो हवा, हा तिचा हट्ट होता. म्हणून तिनं भाता तपासला नाही. अंधारात त्याच्या आत दिवा ठेवून कुठून उजेड फुटतो ते बघायचं असतं. त्यात अख्खा दिवस जातो. "नंतर बघू," ती म्हणाली.

दुपारी चारला खिडकीतला उजेड मऊ झाला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. ठिणगीनं काळं कापड डोक्यावर ओढलं.

भिंगातून येणारी प्रत्येक गोष्ट त्या काचेवर उलटी पडते. पाय वर, डोकं खाली, डावं उजवीकडे. खिडकी उलटी होती. खुर्ची उलटी होती. बाबा छताला चिकटल्यासारखे उलटे बसले होते.

आणि त्यांच्या शेजारी एक माणूस सुलटा उभा होता. पाठमोरा.

तिनं कापड फेकून खोलीत पाहिलं. बाबांशिवाय कुणी नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही. भात्याला कुठंतरी भोक असेल..."

पण भोकातून आलेलं चित्रही उलटंच पडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जे सुलटं दिसतंय, ते बाहेरून आलेलंच नाही. ते आतच आहे.

ती पुन्हा कापडाखाली गेली. आत सरसाचा वास होता, आणि त्याखाली दुसरा, ओळखीचा. मशीनचं तेल, पितळ, घाम. बाबांच्या अंगाचा वास. पण बाबा तर पलीकडच्या भिंतीशी बसले होते. काचेवरचा माणूस हळूहळू वळत होता. कान दिसला. गाल दिसला...

चेहरा बाबांचा होता.

ती धडपडत बाहेर आली. "बाबा, आज नको. राहू दे."

"का? पाच महिने माझं डोकं खाल्लंस ना?" बाबा हसले, मग त्यांचा आवाज खाली आला. "ठिणगे, उद्याचं कुणी सांगावं... काढ."

या शब्दापुढे तिचं काही चाललं नाही. तिनं भिंगावर झाकण लावलं आणि फिल्मची चपटी पेटी मागच्या काचेपुढे सरकवली. आता काच झाकली गेली. आत काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती. बाबांनी हात मांडीवर ठेवले. तिनं भिंगाचं झाकण काढलं.

"आठ सेकंद. हलू नका."

एक. दोन. तीन. चारला भाता फुगला. कुणी आतून श्वास ओढावा तसा, सावकाश. पाच. सहा. बाबांचे डोळे तिच्यावर खिळले होते, पापणीही लवत नव्हती. सात. भाता खाली बसला. आठ.

तिनं झाकण लावलं. "बाबा?"

"झालं?" ते म्हणाले आणि उठून आळस दिला. तिचा जीव भांड्यात पडला.

न्हाणीघरात लाल दिवा लावून तिनं फिल्म धुवायला घेतली. चित्र हळूहळू वर आलं. खिडकी, खुर्ची, बाबा. एकटेच. दुसरं कुणी नाही. ती हसणार तेवढ्यात तिला हात दिसले.

हात मांडीवर नव्हते. बाबांचे दोन्ही तळवे पुढे, काचेवर दाबल्यासारखे चपटे झाले होते. तोंड उघडं होतं. ती हाक होती. पण ठिणगी आठही सेकंद त्यांच्यासमोर उभी होती. ते बोटभरही हलले नव्हते...

बाहेर दार वाजलं. ऑपरेशनच्या आधीची तपासणी करायला नर्सबाई आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बाबा त्यांच्याशी छान गप्पा मारत होते. ठिणगी ओली फिल्म हातात धरून दारात येऊन उभी राहिली.

नर्सबाईंनी बाबांच्या छातीवर डावीकडे स्टेथोस्कोपची चकती टेकवली. थांबल्या. थोडी खाली सरकवली, थोडी वर. मग सावकाश उजवीकडे नेली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो काका, कमाल आहे तुमची! हृदय उजव्या बाजूला आहे, हे आधीच्या एकाही कागदावर कसं नाही?"