जाड अक्षर

तो आमच्या दुकानात आला तो चुकूनच. त्याला जायचं होतं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. पण जळगावच्या ऑक्टोबरातल्या उन्हातून आलेल्या माणसाला काचेचं दार आणि त्यामागचा गारवा दिसला, की पाय आपोआप तिकडेच वळतात.

"चप्पल बाहेर!" मी वर न बघताच ओरडले.

चप्पल निघाली. मग घोट्यापर्यंत काळ्या मातीने माखलेली दोन पावलं आत आली आणि उंबऱ्यातच अवघडून थांबली.

"देऊळ आहे का हे?"

"कॉम्प्युटर आहे. त्याला धूळ चालत नाही."

"मग आमच्या गावात याचं काही खरं नाही…"

आता मात्र मी वर बघितलं. उंच, सावळा, कपाळावर घामाने चिकटलेले केस. काखेत कागदांची भेंडोळी. आणि डोळे असे, की त्याने काहीतरी गंमत केलीय हे त्यांना त्याच्या आधी कळलेलं असावं.

१९९१ साल होतं ते. नवी पेठेत दुकानाचे मालक कौतिकनानांनी टायपिंगची जुनी यंत्रं विकून हे मशीन आणलं होतं आणि त्यावर मला बसवलं होतं. मी करुणा तायडे. वडील भुसावळला रेल्वेत फिटर. रोज सकाळी पॅसेंजरने जळगाव गाठायचं, दिवसभर अर्ज, अहवाल, लग्नपत्रिकांचे मजकूर टाइप करायचे आणि संध्याकाळी परत. त्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटलेली बघायला लोक काचेला नाक लावून उभे राहत.

"या मशीनवर मोठं अक्षर निघतं का?" त्याने भेंडोळी उलगडली. "आमच्या गावात बायकांचा साक्षरता वर्ग घेतो मी. पारोळ्याच्या अलीकडे. शाळेत शिक्षक आहे… सायक्लोस्टाइलच्या पुसट कागदावर अक्षर लागत नाही त्यांना. आणि पुस्तकातली भाषा वाचली, की म्हणतात, गुरुजी, हे कोण असं बोलतं? म्हणून धडे मीच लिहिलेत. अहिराणीत."

मी वाचलं. 'वावरमा कपाशी फुटनी. माय येचाले गयी.' वाचता वाचता हसूच आलं.

"हसण्यासारखं आहे?"

"नाही हो. कॉम्प्युटरने कधी कपाशी बघितली नसेल, म्हणून…"

"मग दाखवू आपण त्याला," तो म्हणाला. "नाव लिहून घ्या. चुडामण बोरसे."

"चुडामण?"

"आजोबांचं ठेवलंय. हसा. सगळेच हसतात."

मी हसले नाही. कशी हसणार? ते नाव लिहिताना माझी बोटं उगीचच सावकाश चालत होती.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की तो यायचा. नवा धडा आणायचा आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघत राहायचा.

"ही मधेच कसली चिन्हं आली?" त्याने एकदा विचारलं.

"छपाईच्या खुणा. कंट्रोल धरून पी दाबायचं, मग बी. इथून पुढचं अक्षर जाड. जाड नको झालं, की पुन्हा तेच दाबायचं. पी आणि एस दाबलं, की खाली रेघ. आणि ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन दोन अक्षरं लिहिली, की तो प्रिंटरला हुकूम. दोन ओळींत किती जागा सोडायची, नवं पान कुठे घ्यायचं, सगळं त्या टिंबाने सांगायचं."

"आणि हे सगळं कागदावर छापलं जातं?"

"खुणा छापल्या जात नाहीत. त्यांनी सांगितलेलं तेवढं दिसतं."

"म्हणजे चांगल्या सुनेसारखं," तो म्हणाला.

"कोणाच्या घरच्या सुनेसारखं? मला तरी अशी राबून अदृश्य राहायची हौस नाही."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल होत म्हणाला, "चुकलं. नका राहू अदृश्य… मुळीच नका राहू."

प्रिंटर करकरत होता. पलीकडे कौतिकनाना वर्तमानपत्राआडून खाकरले.

त्या दिवशी घोटाळा झाला. धड्याच्या नावापुरती जाड अक्षराची खूण दिली आणि ती बंद करायची विसरलेच. वरून वीज जायच्या भीतीने न बघता पानं काढली. तोही घाईत, बस पकडायची होती. पानं गुंडाळून गेला. दुकानात ठेवलेली दुसरी प्रत बघितली तेव्हा लक्षात आलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सगळं जाड, काळंभोर! माझ्या हातून असं कधी होत नसे. आठवडाभर मी स्वतःवर चिडत राहिले.

पुढच्या शनिवारी तो आला तो जवळजवळ धावतच.

"मागच्या वेळचं अक्षर…"

"माहितीये. चूक झाली. पुन्हा काढून देते."

"पुन्हा? अहो, तसंच पाहिजे! मंदिराच्या ओट्यावर एकाच दिव्यात वाचतात त्या. डोळ्यांना चष्मा नाही. त्या जाड अक्षरावर बोट ठेवून माझी आई पहिल्यांदा अख्खी ओळ वाचून गेली. न थांबता!" त्याचे डोळे चमकत होते. "तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं नाही. बंद करायची कळ दाबायची राहिली."

"तुमच्याकडून? कशी काय?"

मी प्रिंटरमधला कागद उगीच सरळ केला. "कोणीतरी शेजारी बसून बोलत होतं… म्हणून."

त्याने स्टूल थोडं — अगदी थोडंच — जवळ ओढलं.

मग आम्ही दोघांनी मिळून ती पानं नीट बसवली. अक्षर जाड आणि रुंद. दोन ओळींत बोट मावेल एवढी जागा. नवा शब्द आला, की त्याच्याखाली रेघ. एका पानावर एकच धडा. हा हुकूम बदलून बघ, तो काढून बघ, असं करता करता हिवाळा आला. चुडामण कधी बोरं आणायचा, कधी घरच्या वांग्यांचं भरीत. त्याच्या धड्यांमुळे मला अहिराणी येऊ लागली. भुसावळची आमची बोली वेगळी. मी काही बोलले, की तो पोट धरून हसायचा.

एका शनिवारी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"वर्ग बंद पडणार बहुतेक. आमचे उखर्डू आबा, माझे चुलते, गावभर सांगत फिरतात, की बायकांना नुसतं पाठ करून घेतलंय. आता पंचायत समितीच्या बाई तपासणीला येणार आहेत. गावासमोर वाचायचं. कोणी अडखळलं आणि हसं झालं, तर त्या बायका पुन्हा पाटीला हात लावणार नाहीत. माझी आई तर नाहीच." त्याने हातातली भेंडोळी पुन्हा गुंडाळली. "तुम्ही याल? म्हणजे… पानं तुमचीच आहेत. म्हणून म्हटलं."

"पानांसाठीच ना?"

"नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मी गेले. मंदिरासमोर सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला सगळी पुरुषमंडळी, मध्ये पांढऱ्या टोपीतले उखर्डू आबा, आणि ओट्यावर पदर सावरत बसलेल्या बायका. सगळ्यांत पुढे चुडामणची आई, बेबाबाई. लहानखुरी, काटक, हाताला कपाशीच्या बोंडांचे ओरखडे. धड्याचं पान त्यांनी दोन्ही हातांत असं धरलं होतं, की वाऱ्यानेही ते नेऊ नये.

बाईंनी खूण केली. बेबाबाई उठल्या आणि धडा वाचू लागल्या. छान वाचला.

"पाठ शे!" उखर्डू आबा ओरडले. "पोऱ्यानी पाठ करी लिधं! आते या म्हाताऱ्या बायास्ले कोन कलेक्टर करी ऱ्हायनं?"

हशा पिकला. बेबाबाईंचा हात खाली आला. चुडामण पुढे सरकला; पण तपासणीच्या बाईंनी त्याला थांबवलं. "गुरुजी, यांनी कधीच न पाहिलेलं काही आहे का?"

त्याच्याकडे नव्हतं.

माझ्याकडे होतं. मी स्वतः लिहिलेला एक धडा, सकाळीच छापलेला. त्याला दाखवून चिडवून घ्यायचं म्हणून आणला होता. अजून त्यानेही तो बघितला नव्हता. मी उठले. पान बेबाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे. मला वाटलं, उगीच दिलं… आता ही बाई माझ्यामुळे अडणार.

त्यांनी बोट ठेवलं.

"चूल… पेटनी. भाकर… फुगनी. माय… बजारमा…" बोट अडलं.

उखर्डू आबांच्या ओठांवर हसू येऊ घातलं. बेबाबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग मान वर करून थेट मलाच म्हणाल्या —

"बाई, आठे तुनं चुकनं. 'गेली' लिखेल शे. आम्ही 'गेली' नही म्हनतस, 'गयी' म्हनतस. सुधरी ले."

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग तपासणीच्या बाईच आधी हसल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग ओट्यावरच्या बायका, मग सतरंजीवरचे पुरुष… टाळ्यांवर टाळ्या! एक आजी तर हातातली पाटीच बडवत होती. उखर्डू आबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. बेबाबाई मात्र थांबल्या नाहीत. राहिलेलं पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. आवाज चढता, खणखणीत. त्या दिवशी त्यांच्यामागे एकेक करून सगळ्या वाचायला उठल्या. एकही मागे राहिली नाही.

फाट्यावर मला बसमध्ये बसवायला चुडामण आला. दोन्हीकडे पांढरीशुभ्र कपाशी फुटलेली, वर उतरतं ऊन.

"करुणा," तो म्हणाला. 'बाई' नाही, 'मॅडम' नाही. "मला दर शनिवारी तुझी वाट बघायचा कंटाळा आलाय."

"मग नका येऊ."

"तसं नाही… मला रोज हवीस तू. घरात. समोर. भांडायला, चुका काढायला…"

"चुका काढायला आता तुमची आई आहे की!"

"करुणा, हो म्हण ना."

बस दिसू लागली होती. मी म्हणाले, "हो." मग वाटलं, हे फारच हळू झालं. म्हणून त्याच्याकडे बघून पुन्हा, मोठ्याने म्हणाले, "हो, चुडामण!"

कंडक्टरने ऐकलं. रस्ताभर तो मिशीत हसत होता.

बाबांना मी त्याच रविवारी सांगितलं. ते चिडले नाहीत. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरगा चांगला असेल. पण बेटा, आपण बौद्ध, ते गावातले पाटील. लग्न तुम्ही कराल जळगावात, कोर्टात. नांदशील मात्र त्या घरात. त्या घरच्या बाईला तू चालशील का? हे मला तिच्या तोंडून ऐकायचंय. पोराच्या नाही."

चुडामणने घरी सांगितलं. उखर्डू आबांनी आकाशपाताळ एक केलं. बेबाबाई मात्र एक अक्षर बोलल्या नाहीत. "आई नुसती कपाशी वेचतेय," शनिवारी तो म्हणाला. त्या दिवशी त्याने स्टूलही ओढलं नाही. मला रडू येत होतं आणि कौतिकनाना पहिल्यांदाच न खाकरता बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळच्या आमच्या क्वार्टरचं दार वाजलं. दारात बेबाबाई. एकट्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल.

"तुम्ही? कोणाबरोबर आलात?"

"कोनाबरोबर म्हंजे? मी एकली उनू." त्या हनुवटी उंचावून म्हणाल्या. "फाटावर उभी ऱ्हायनू. एक गाडी उनी, वाचं… चोपडा. जाऊ दिधी. दुसरी उनी, अमळनेर. जाऊ दिधी. मंग उनी भुसावळ. भ ले उकार! बसनू. आठे गल्लीमा दारवरन्या पाट्या वाचत वाचत उनू. मंग सापडनी, 'तायडे'." मग त्या आत आल्या, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पानी दे, पोरी. तुना हातनं."

मी माठातलं पाणी दिलं. तांब्या दोन्ही हातांत धरून त्या घटाघटा प्यायल्या. बाबा दारात उभे राहून बघत होते. बेबाबाईंनी तोंड पुसलं आणि वळून त्यांना म्हणाल्या —

"दाजी, जनमभर मी कोनले काही मांगं नही. आज मांगस. तुम्हनी पोर मना घर द्या. कोन काय बोलस ते मी देखी लिसू."

बाबांनी मान डोलावली, पुन्हा पुन्हा डोलावली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. माझी आई आतून चुलीवरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली आणि दोन बायका एकमेकींचे हात धरून बसल्या.

जेवणं निम्म्यावर आली होती तेव्हा चुडामण धापा टाकत दारात आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, गावभर आईला शोधून, ती भुसावळच्या गाडीत बसल्याचं फाट्यावर कळून रडकुंडीला आलेला.

"माय! तू… तू आठे कशी?"

बेबाबाईंनी घास गिळला. शांतपणे म्हणाल्या, "बस. जेव. तुनं काम हुई गयं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बाबांकडे बघितलं. आणि माझे बाबा उठले, स्वतःच्या शेजारी पाट मांडला आणि म्हणाले, "करुणा, जावईबापूंचं ताट वाढ."