तारीख नसलेला डबा

दूध दाराच्या कप्प्यात आहे, हवं तेवढं घ्या. बाकी कशाला हात लावू नका म्हणजे झालं. हसताय ना? सगळेच हसतात. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव, नावाखाली तारीख. दोन माणसांच्या घरात कसली ही शिस्त! बसा, पाऊस थांबेपर्यंत सांगते. तो दिवा जरा इकडे ओढा. हौकेच्या खोलीचं दार लोटलेलंच राहू द्या, त्याला उजेड सोसत नाही.

ही सवय मला हॉस्टेलांनी लावली. पाठीवर सॅक टाकून गावोगाव हिंडणाऱ्यांचा एक कायदा असतो. फ्रीजमध्ये जे ठेवाल त्यावर आपलं नाव टाकायचं आणि आपण निघणार ती तारीख. तारीख उलटली की वस्तू फ्रीजमधून निघून फळीवर जाते, आणि फळीवरचं ते सगळ्यांचं. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. अर्धवट फोडलेली मॅकरोनी, तळाशी मध राहिलेली बाटली, कुणाचे तरी वातड झालेले पाव. नॉर्वेत तर आम्ही त्या फळीवरच जगलो. तिथे साध्या कॉफीची किंमत ऐकली तरी छातीत कळ यायची.

तिघं होतो आम्ही. जर्मनीतल्या हुसुमचेच, एका शाळेतले. विब्के, हौके आणि मी. मारेन माझं नाव. विब्के महातोंडाळ, आणि हौके म्हणजे नुसतं पोट. दगडसुद्धा पचवेल असला. फुकट ते पौष्टिक हे त्याचं ब्रीद. आणि आता लपवायचं कशाला, मला तो आवडायचा. लालसर कुरळे केस, बेकरीत राबून पिठाचा वास लागलेले हात. त्या वासासाठी मी रोज सकाळी नको असलेला पाव विकत आणायचे. या सहलीत त्याला सांगून टाकायचं, असं मी घरून ठरवूनच निघाले होते.

बर्गनला पोचलो तेव्हा पाऊस होता. राहिलो तोवर पाऊसच होता. धक्क्यामागच्या गल्लीत आमचं हॉस्टेल. जुनं, लाकडी, जमीन एका बाजूला कललेली. जून महिना, त्यामुळे अंधार असा पडायचाच नाही. दिवस मावळायचा नाही, नुसता मळकट व्हायचा. भिंतींना डांबराचा वास, आणि स्वयंपाकघरात ओल्या फडक्याचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर चढलो. विब्के मुद्दाम मागे राहिली, तिला सगळं ठाऊक होतं. वर धुकं, खाली शहर दिसेना, शेजारी हौके. मी म्हटलं, "हौके, तुला एक सांगायचंय."

"खाली गेल्यावर सांग," तो म्हणाला. "भुकेनं जीव चाललाय गं. आत्ता काही डोक्यात शिरणार नाही."

झालं! घोडं तिथेच अडलं. तणतणत खाली आले.

फळीवर त्या दिवशी फक्त मोहरीची चटणी होती. हौके फ्रीज उघडून खाली बसला आणि अगदी मागून, बर्फाच्या थरातून, एक डबा ओढून बाहेर काढला. तामचिनीचा, पांढरा, कडेला निळी रेघ. झाकणावर पिवळी पडलेली पट्टी, त्यावर नाव: बोर्गहिल्ड. खाली तारखेची जागा कोरी.

"तारीखच नाही. म्हणजे बाई कधीच गेली," तो म्हणाला. "हा फळीचा माल."

"तारीख नाही म्हणजे ती अजून निघालेली नाही, शहाण्या," मी म्हटलं.

विब्केनं आत डोकावून नाक दाबलं. "शी! ठेव ते परत. मढ्याच्या टाळूवरचं लोणीही सोडायचा नाहीस तू."

आत माशाचे गोळे होते, पांढऱ्या दाट रश्श्यात. तिकडे घरोघरी करतात, मीही खाल्लेत. पण हे... रश्श्यावर साय धरली होती आणि ती साय, डबा हलत नसताना, मध्येच सुरकुतत होती. गोळे गुळगुळीत, राखाडी, सोललेल्या डोळ्यांसारखे. जायफळाचा दाट वास, आणि त्या वासाखाली दुसरा. आजारी माणसाची उशी हुंगलीत कधी? तसला.

हौकेनं ते गरमसुद्धा केलं नाही. उभ्या उभ्या, चमच्यानं, पचापचा. मी दुसरीकडे बघत होते तरी ते ऐकू येत होतं. शेवटी त्यानं डबा चाटला, मग थबकला आणि दातांत अडकलेलं काहीतरी बोटांनी ओढून काढलं. पातळ, पारदर्शक, चंद्रकोरीसारखं वळलेलं.

"खवलं असेल," तो म्हणाला.

खवलं नव्हतं ते. नख होतं. मला स्पष्ट दिसलं, आणि मी मोरीकडे धावले.

सकाळी फ्रीज उघडला तर डबा पुन्हा मागे, जागच्या जागी. झाकण उचललं. काठोकाठ भरलेला.

त्या दिवशी हौकेनं काही खाल्लं नाही. मासळीबाजारात एका बाईनं तळलेला तुकडा चाखायला पुढे केला, फुकट, तर यानं मान हलवली. हौकेनं! विब्के हसली, म्हणाली, "सूर्य पश्चिमेला उगवला." मी नाही हसले. गर्दीतून जाताना मी त्याचा हात धरला आणि लगेच सोडला. गार, ओला, लिबलिबीत. माझी बोटं जिथे टेकली तिथे खळगे पडले आणि ते भरून येईनात. पिठाचा वास गेला होता. जायफळाचा येत होता.

"तुझ्या अंगठ्याचं नख कुठंय?" मी विचारलं.

त्यानं अंगठा फिरवून पाहिला. तिथे जखम नव्हती, रक्त नव्हतं. नुसती गुळगुळीत कातडी, जणू नख कधी उगवलंच नव्हतं.

"गेलं कुठेतरी," तो म्हणाला. "दुखत नाही गं."

मी तडक हॉस्टेल सांभाळणाऱ्या ओदवारकाकांना गाठलं. म्हातारा जिन्यात चादरींचा ढीग घेऊन उभा होता.

"काका, ही बोर्गहिल्ड कोण?"

त्यांनी चादरी दुसऱ्या हातात घेतल्या. "तिच्या डब्याला कुणी हात तर लावला नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलले.

"नका लावू. ती अजून गेलेली नाही."

"कुठल्या खोलीत राहते?"

"ते मला तरी कुठे माहीत, पोरी... मी इथे आलो तेव्हापासून राहतेय. कधी या पलंगाची चादर ओली निघते, कधी त्या." मग खाली बघत, हळू आवाजात म्हणाले, "तिचं खाल्लं, तर ती भरून घेते."

दुपारी विब्के तिकिटांची चौकशी करायला बंदरावर गेली. हौके वर झोपला होता. हॉस्टेल रिकामं, पत्र्यावर पाऊस. मी जिना चढत होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. तामचिनीवर चमचा. टिंग... मग चघळल्याचा आवाज. सावकाश, चवीनं. पुन्हा टिंग...

मी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. टेबलावर डबा उघडा, चमचा त्यात अजून हलत होता. समोरच्या खुर्चीवर कुणी भिजलेलं उठून गेल्यासारखं पाणी, आणि त्या पाण्याला सायीचा तवंग. तळाशी थोडा रस्सा उरला होता. रश्श्यात केस होते. लालसर, कुरळे.

कशी वर धावले ते माझं मला माहीत. हौके भिंतीकडे तोंड करून झोपला होता आणि डोक्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढी जागा साफ, पांढरी, ओली. उशीवर एकही केस नव्हता.

त्याला उठवलं, कपडे कोंबले, विब्केला बंदरावरच गाठलं आणि मिळेल त्या बोटीनं डेन्मार्ककडे निघालो. विब्केनं एकदा त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि आपली टोपी काढून त्याला घातली. बोट हलायला लागल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या, ती खाली जाऊन पडली.

किनारा मागे पडला तशी मला हिंमत आली. सुटलो एकदाचे! डेकवर वारा होता, मिठाचा स्वच्छ वास होता. हौके कठड्याला टेकून उभा होता. टोपी घातलेली, चेहरा पांढरा, पण हसला.

"डोंगरावर काय सांगणार होतीस?"

सांगितलं. एका दमात, त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं. वर्षानुवर्षांचं ओझं हो ते.

"वेडी," तो म्हणाला. "मला माहीत होतं. रोज पाव नेणाऱ्या माणसाला पाव आवडायला हवा ना." आणि त्यानं मला जवळ ओढलं.

त्या क्षणाची मी किती वाट पाहिली होती, आणि काय वाट्याला आलं! गार दूध आणि जायफळ. त्याची जीभ माशाच्या गोळ्यासारखी, गुळगुळीत, जरा जास्त दाबली तर तुटेल अशी. तरीही मी मागे झाले नाही, ज्याच्यावर जीव जडलाय त्याला ढकलायचं कसं? डोळे घट्ट मिटून मी त्याच्या मानेवर हात ठेवला. आणि तिथे, कॉलरच्या आत, बोटांना काहीतरी लागलं.

चिकटपट्टी.

मी त्याला वळवलं. पिवळी पडलेली पट्टी. बोर्गहिल्ड. खाली तारखेची जागा कोरी.

टोक धरून ओढून पाहिलं, तर पट्टीबरोबर कातडीच वर आली, दुधावरची साय उचलावी तशी. सोडून दिली. "काय करतेस?" तो विचारत होता. मी काय करणार? मला एकच कायदा ठाऊक होता. निघायची तारीख पडली की माणूस गेला. खिशातून पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत आदल्या दिवशीची तारीख लिहिली. बोर्गहिल्ड काल गेली. संपलं!

खरंच, लगेच त्याच्या गालांवर रंग आला. "भूक लागली बुवा," तो म्हणाला. मला रडू फुटलं. त्याचा हात धरून मी त्याला बोटीवरच्या उपाहारगृहात नेलं.

आम्ही आत शिरलो आणि बोलणी थांबली. एक एक करून माना वळल्या. शेजारच्या टेबलावरची आजीबाई, मोत्यांची माळ, नीटनेटकी, उठून जवळ आली. तिनं हौकेची बाही वर सारली आणि हात हुंगला.

"हे कुणाचं आहे का?" तिनं मला अगदी अदबीनं विचारलं. "नाही ना?"

एक लहान पोर खुर्चीवरून उतरलं आणि हौकेची बोटं चाटू लागलं. त्याची आई रागावली नाही. तिनं रुमाल उलगडून मांडीवर पसरला. मागे काटे-चमचे उचलल्याचे आवाज झाले. कुणी ओरडत नव्हतं, घाई नव्हती. फळीसमोर आपण उभे राहतो ना, तसे सगळे उभे होते.

आणि दारात विब्के. उलट्यांनी डोळे खोल गेलेले, हनुवटीवर लाळ.

"मारेन," ती म्हणाली, "मला फार भूक लागलीये गं... एवढंसंच घेते..."

काल तारीख उलटली होती. ती मीच लिहिली होती. मीच त्याला फळीवर मांडलं होतं!

मी त्याला भिंतीशी दाबलं, कॉलर खाली खेचली, ते नाव खोडलं, ती तारीख खोडली आणि वर माझं नाव लिहिलं. मारेन. खालची जागा कोरी ठेवली.

आजीबाईनं बाही परत खाली ओढून नीट केली. "माफ करा हं," म्हणाली आणि सूप प्यायला बसली. मला त्या सगळ्यांची, विब्केची, आणि सगळ्यात जास्त माझीच, अशी किळस आली की मी तिथेच ओकले.

विब्के आता आमच्याकडे येत नाही. तिला त्यातलं काही आठवत नाही, पण रस्त्यात दिसली की तोंडावर रुमाल धरते आणि पलीकडे जाते. हौके माझ्याजवळ आहे. माझा आहे. कमी बोलतो. केस पुन्हा आले नाहीत, पण मी सांभाळते. त्याला दुखत काहीच नाही.

खोटं कशाला बोलू? संध्याकाळी त्याचं अंग पुसते, तेव्हा त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं. शी! स्वतःची लाज वाटते. मी दात घट्ट मिटते आणि पुसत राहते. अजून तरी त्याला दात लावलेला नाही, आणि लावणार नाही. मी आहे तोवर तो सुरक्षित आहे.

पण काल त्याचा सदरा बदलताना पट्टीकडे लक्ष गेलं. माझ्या नावाखाली, ज्या जागी मी कधी पेन टेकवलं नाही, तिथे तारीख आहे. बारीक, जुन्या वळणाच्या, तिरप्या अक्षरात. शाईला अजून ओल होती आणि वास जायफळाचा.

उद्याची आहे.

हे काय, उठलात कशाला? पाऊस थांबला नाही अजून. आणि दूध इकडे आहे... ते त्याच्या खोलीचं दार आहे.